कार्बन तंतूवर रेझिनची पकड: आम्लात हात घालण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेले तीन विद्यार्थी सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या नावेसाठी कार्बन कापडाच्या प्लेटा बनवत आहेत. कापड ३के ट्विल (तीन-तीन हजार तंतूंचे जुडगे, म्हणजे टो, तिरप्या विणीत विणलेले), दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे. रेझिन एलवाय ५५६ ही इपॉक्सी आणि तिला पिकवणारा हार्डनर एचवाय ९५१. तंतूवर रेझिनची पकड वाढावी म्हणून त्यांनी कापड आधी ॲसिटोनमध्ये धुतले, मग तीव्र नायट्रिक आम्लात तीन तास गरम केले, पाण्याने धुऊन वाळवले आणि हाताने लेअर बसवले. शॉर्ट बीम चाचणीत (आखूड तुकडा मधोमध दाबून) आंतरस्तरीय कर्तनबल, म्हणजे थर एकमेकांवरून सरकून सुटण्याला होणारा विरोध, ४६ मेगापास्कलवरून ३९ वर आले. आता प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा) करावा, सिलेन (सिलिकॉनयुक्त जोडद्रव्य) लावावे की पोटॅशियम परमँगनेट वापरून पाहावे, आणि पुढे इपॉक्सीऐवजी व्हिनाइल एस्टर हे दुसरे रेझिन वापरले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आकडा खाली आला याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते एवढेच, की पहिल्या ४६ च्या प्लेटेकडे तुम्ही नीट पाहिलेच नाही आणि थेट तंतूचा पृष्ठभाग बदलायला निघालात. माझा तीस वर्षांचा अनुभव असा आहे की ‘पकड कमी आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या दहा प्लेटांपैकी सात-आठ प्लेटांमध्ये तंतूचा काहीही दोष नसतो. रेझिन टोच्या आत पोहोचलेले नसते, हवा अडकलेली असते, कापड दमट असते, किंवा तंतूवर कारखान्यात चढवलेला पातळ लेप, म्हणजे साइझिंग, एका रेझिनसाठी आणि वापरलेले रेझिन दुसरेच असते. तेव्हा प्लाझ्मा की सिलेन हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवतो. आधी तुमच्या हातात आलेल्या कापडावर कारखान्यातच काय काय झालेले असते ते पाहू, कारण तुम्ही ॲसिटोनने नेमके तेच धुऊन टाकले आहे.

कार्बन तंतूचा कच्चा माल म्हणजे पॅन (पॉलिॲक्रिलोनायट्राइल) तंतू. तो हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला स्थिर करतात, मग नायट्रोजनमध्ये १००० ते १५०० अंशांपर्यंत तापवून त्याचा कार्बन करतात. भट्टीतून निघालेल्या तंतूचा पृष्ठभाग बराचसा ग्राफाइटच्या चपट्या थरांचा असतो, आणि हे थर तंतूच्या लांबीला समांतर पसरलेले असतात. थराच्या सपाट अंगाशी रेझिनचा रासायनिक संबंध जवळजवळ जुळत नाही. जे काही जुळते ते थरांच्या कडांशी. तापमान जितके जास्त, तितके थर मोठे आणि कडा कमी. म्हणूनच २००० अंशांच्या वर नेलेल्या उच्च-मॉड्युलस (जास्त ताठ) तंतूवर रेझिन धरवणे साध्या तंतूपेक्षा कितीतरी अवघड जाते. तुमच्या कापडाचा तंतू साधा, सुमारे २३० गिगापास्कल मॉड्युलसचा असणार, म्हणजे यातला त्यातल्या त्यात सोपा.

असा नुसता तंतू कोणीही विकत नाही. भट्टीनंतर लगेच तो विद्युतद्रावणाच्या टाकीतून, धन विद्युतअग्र म्हणून, ओढून नेला जातो. अमोनियम बायकार्बोनेट किंवा अमोनियम सल्फेट ही तिथली नेहमीची द्रावणे. टाकीत तो काही सेकंद ते फार तर एखाद-दोन मिनिटे असतो आणि तेवढ्यात पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे ऑक्सिजनचे गट येतात. १९८३ मध्ये संशोधक लॉरेन्स ड्रझाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेचे जे विश्लेषण मांडले त्याचा आधार आजही घेतला जातो. त्यांच्या म्हणण्यानुसार येथे दोन कामे होतात. भट्टीतून निघताना तंतूच्या अंगावर राहिलेला सदोष, ठिसूळ बाहेरचा थर निघून जातो, आणि खालच्या मजबूत पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसतात. पहिले काम लोक विसरतात. रेझिन कितीही घट्ट चिकटले तरी ते ज्याला चिकटले तो थरच तंतूवरून सोलून निघणार असेल, तर त्या चिकटण्याचा उपयोग काय? भिंतीचा जुना सुटलेला चुना न खरवडता त्यावर उत्तम रंग लावला, तर पहिल्या पावसात पोपडे पडतात. हे मुंबईकरांना निराळे सांगायला नको.

यानंतर तंतू धुऊन, वाळवून त्यावर साइझिंग चढवतात, वजनाच्या साधारण अर्धा ते दीड टक्का. हे किती पातळ असते याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. तंतूचा व्यास ७ मायक्रोमीटर आणि घनता १.८ धरली तर एका ग्रॅम तंतूचे पृष्ठफळ सुमारे ०.३२ चौरस मीटर येते. त्यावर एक टक्का, म्हणजे १० मिलिग्रॅम साइझिंग सारखे पसरले, तर त्याची जाडी २५ नॅनोमीटरच्या आसपास भरते. एवढ्याशा थरामुळे टो हाताळताना तुसत नाही (त्यावर तुटक्या तंतूंची लव उठत नाही), विणताना तंतू तुटत नाहीत, आणि रेझिन त्याला पहिल्यांदा भेटते तेव्हा परके वाटत नाही. साइझिंग म्हणजे मळ नव्हे. ते तंतू आणि रेझिन यांच्यामधले नाते जुळवणारे माणूस आहे, आणि तुम्ही त्यालाच ॲसिटोनने बाहेर काढले. इपॉक्सीसाठी बनवलेले साइझिंग असलेल्या कापडावर तुम्ही इपॉक्सीच लावत होता, म्हणजे काढण्याचे काही कारणच नव्हते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. एक्सपीएस हे क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण पृष्ठभागाच्या जेमतेम पाच ते दहा नॅनोमीटर खोलीपर्यंतचेच वाचते. साइझिंग न काढता नमुना दिला तर अहवालात आलेला ऑक्सिजन साइझिंगमधल्या इपॉक्सीचा असतो, तंतूचा नव्हे. बाजारातल्या कापडावर थेट प्लाझ्मा मारला तरी तीच गत होते. तुम्ही कार्बनवर नव्हे, साइझिंगवर प्लाझ्मा मारलेला असतो. प्रकल्प-अहवालांत हा घोळ मी अनेकदा पाहिला आहे.

आता तुमच्या नायट्रिक आम्लाकडे येतो. तीव्र नायट्रिक आम्ल तंतूवर ऑक्सिजनचे गट आणते यात शंका नाही. पण ते तिथे थांबत नाही. वेळ आणि तापमान हाताबाहेर गेले की ते पृष्ठभागावर खड्डे पाडते, तंतूचे ताणबल कमी करते, आणि थरांचे तुटलेले तुकडे ऑक्सिडीकरणाचा गाळ म्हणून तंतूवरच चिकटून राहतात. हा गाळ साध्या पाण्याने नीट निघत नाही. त्यासाठी पातळ अल्कलीने धुवावे लागते. तो राहिला तर उपकरणाला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि रेझिन मात्र त्या सैल गाळाला चिकटते. म्हणजे कारखान्याने जो सैल थर काढून दिला होता, तसाच नवा तुम्ही तयार केलात. त्यात साइझिंग गेलेले, कापड तीन तास आम्लात ढवळले गेलेले, वीण सरकलेली, तंतू तुसलेले. असे कापड फुगते, रेझिन जास्त पिते, टोच्या आत कोरडे राहते. तुमचे सात मेगापास्कल यापैकी नेमके कशात गेले हे आता सांगता येणार नाही, कारण तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या.

सुरक्षिततेचेही येथेच सांगतो आणि ते कडक शब्दांत सांगतो. ॲसिटोनने ओले असलेले कापड तीव्र नायट्रिक आम्लात टाकणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे. तुमचे कापड त्या दिवशी पूर्ण वाळलेले होते, हे तुमचे नशीब. आम्लातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसाला जी इजा करतो ती कित्येकदा काही तासांनी जाणवते. ‘तेव्हा काही झाले नाही’ हे येथे समाधान नव्हे. धूर खेचणारे कपाट नसलेल्या खोलीत हे काम पुन्हा करू नका.

मग पहिली प्लेट ४६ वर का अडकली? माझा संशय रेझिनवर आहे. एलवाय ५५६ हे उत्तम रेझिन आहे, पण २५ अंशांना त्याची विस्कॉसिटी दहा-बारा हजार मिलिपास्कल-सेकंदाच्या घरात असते, काकवीसारखे. टोमधल्या दोन तंतूंतली फट काही मायक्रोमीटरची असते. एचवाय ९५१ मिसळल्यावर हातात वेळ अर्ध्या तासाच्या आसपास, आणि मोठ्या भांड्यात एकदम जास्त मिसळले तर त्याहून कमी. इतके जाड रेझिन इतक्या थोड्या वेळात ब्रशने आणि रोलरने टोच्या पोटात पोहोचत नाही. वरून प्लेट चकचकीत दिसते, आत मात्र प्रत्येक टोचा गाभा अर्धवट कोरडा. हार्डनर घालण्याआधी रेझिन गरम पाण्यात ठेवून ४०-४५ अंशांपर्यंत न्या, थोडे थोडे मिसळा, दर लेअरला रोलर सावकाश फिरवा, आणि शेवटी पील प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड) लावून व्हॅक्यूम बॅग करा, म्हणजे पिशवीत बंद करून हवा ओढून घ्या. गरम रेझिनचा कामाचा वेळ आणखी कमी होतो, म्हणून एका वेळी दोन-तीन लेअरपुरतेच मिसळायचे. दुसऱ्या दिवशी प्लेट साच्यातून काढून ८० अंशांना काही तास पोस्ट-क्युअर करा. हे रेझिन नुसत्या खोलीच्या तापमानाला अर्धवटच पिकते आणि शॉर्ट बीम चाचणीत ते कमकुवत रेझिनच आधी फाटते; दोष मात्र पकडीच्या माथी येतो.

पोकळ्यांचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो. ढोबळ नियम असा, की पोकळी एक टक्क्याने वाढली की आंतरस्तरीय कर्तनबल सुमारे सात टक्क्यांनी उतरते. हाताने बसवलेल्या प्लेटेत चार टक्के पोकळी सहज सापडते. म्हणजे ज्या सुधारणेसाठी तुम्ही आम्ल उकळत होता, तेवढी सुधारणा निव्वळ हवा बाहेर काढून मिळण्यासारखी आहे. तंतूचे प्रमाणही मोजा. त्यासाठी काही जाळावे लागत नाही. बारा लेअर, प्रत्येकी २०० ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला २४०० ग्रॅम. प्लेटेची जाडी ३ मिलिमीटर आणि तंतूची घनता १.८ असेल तर तंतूचे आकारमान सुमारे ४४ टक्के. दोन प्लेटांमध्ये हे प्रमाण वेगळे असेल तर त्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडण्यात अर्थ नाही. तुमच्या दोन्ही प्लेटांची जाडी प्रश्नात दिलेली नाही, पण तुसलेल्या कापडाची प्लेट जाड निघाली असणार असे मी गृहीत धरतो.

चाचणीबद्दलही थोडे. एएसटीएम डी २३४४ या चाचणी-मानकाप्रमाणे ३ मिलिमीटर जाडीच्या प्लेटेतून ६ मिलिमीटर रुंद, १८ मिलिमीटर लांब तुकडे कापायचे आणि १२ मिलिमीटर स्पॅनवर (दोन आधारांतले अंतर) ठेवून मिनिटाला १ मिलिमीटर वेगाने दाबायचे. कमाल भार १२०० न्यूटन आला तर त्याची पाऊण पट करून क्षेत्रफळाने, म्हणजे १८ ने, भागायचे: ५० मेगापास्कल. येथपर्यंत सगळे करतात. त्यानंतर तुटलेला तुकडा मात्र कोणी उचलून पाहत नाही. कडेला मधोमध आडवी चीर गेली असेल तरच तो आकडा कर्तनाचा. खालच्या बाजूला तंतू ताणून तुटले असतील किंवा रोलरखाली चेचले गेले असतील, तर तो आकडा पकडीबद्दल काहीच सांगत नाही. चीर गेलेला तुकडा उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तंतू स्वच्छ, गुळगुळीत, साच्यातून काढलेल्या सळ्यांसारखे दिसले आणि रेझिनमध्ये त्यांच्या नळीदार खुणा उमटलेल्या असल्या, तर पकड सुटली आहे. तंतूंच्या अंगावर रेझिनचे तुकडे चिकटलेले दिसले तर पकड टिकली आहे आणि रेझिन फाटले आहे. महाविद्यालयात सोय नसेल तर पवईच्या आय.आय.टी.तील सैफ केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुनेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून देतात. तुमच्या ४६ आणि ३९ च्या तुकड्यांची अशी दोन छायाचित्रे माझ्यासमोर असती, तर या उत्तराचा निम्मा भाग लिहावा लागला नसता.

या सगळ्यानंतरही तंतूचा पृष्ठभाग बदलण्याचा प्रयोग करायचाच असेल, आणि विद्यार्थ्यांनी तो करावा असे मला मनापासून वाटते, तर आम्ल सोडा आणि कारखान्याची पद्धत लहान प्रमाणात करून पाहा. लोहार चाळीतून साधा डीसी पॉवर सप्लाय आणा, प्रिन्सेस स्ट्रीटवरून अमोनियम बायकार्बोनेट. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ४० ग्रॅम घातले की साधारण अर्धा मोलर द्रावण होते. कापडाचा १५ सेंटिमीटर चौरस तुकडा वजनाने साडेचार ग्रॅम भरतो. तो धन बाजूला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना स्टेनलेस स्टीलचे पत्रे ऋण बाजूला. प्रक्रियेचा खरा मापदंड व्होल्टेज किंवा नुसती मिनिटे नसून दर ग्रॅम तंतूला दिलेला विद्युतभार असतो. ग्रॅमला २० कूलंबपासून सुरुवात करा: अर्धा अँपिअर, तीन मिनिटे, म्हणजे ९० कूलंब. मग एक तुकडा ५० वर, एक १०० वर. कुठेतरी कर्तनबल वाढायचे थांबेल आणि तंतूचे ताणबल उतरू लागेल. त्याच्या अलीकडे थांबायचे. म्हणूनच प्रत्येक पायरीला त्या कापडातून उसवलेल्या काही टोंची ताणचाचणीही करायला हवी.

या प्रयोगात विद्यार्थी हमखास अडकतात ती जागा म्हणजे क्लिप. तांब्याची मगर-क्लिप द्रावणाच्या वर आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता. पण टो म्हणजे दिव्याची वातच. द्रावण तंतूंमधून चढत जाऊन क्लिपला गाठते. पाच मिनिटांत टाकीतले पाणी फिकट निळे होऊ लागते. तो निळा रंग अमोनियात विरघळलेल्या तांब्याचा. तुम्ही मोजलेल्या विद्युतभारातला काही भाग तांबे विरघळवण्यात गेला, आणि तांबे तुमच्या तंतूवरही बसले. अशी टाकी ओतून द्यावी, नमुना बाद करावा. क्लिपऐवजी ग्राफाइटच्या दोन पट्ट्यांत कापडाची पूर्ण कड दाबून धरा आणि द्रावणाच्या पातळीपासून चांगले अंतर ठेवा. पूर्ण कड धरण्याचे आणखी एक कारण आहे. कार्बन तंतू विजेचा वाहक असला तरी तांब्याइतका चांगला नाही. १२के च्या एका टोचा रोध मीटरला पस्तीसएक ओहम येतो. लांब टो एका टोकाला धरून टाकीत सोडला तर क्लिपजवळचा भाग जास्त भाजून निघतो आणि दूरचा कोरा राहतो. कापडात उभे टो थेट पट्टीत धरलेले असतात आणि आडव्यांना वीज फक्त वेढ्यांच्या स्पर्शातून मिळते, म्हणून निम्म्या वेळानंतर कापड ९० अंशांत फिरवून दुसरी कड धरावी. या प्रयोगासाठी मात्र साइझिंग आधी काढावे लागते, आणि ते नीट काढावे लागते: सॉक्सलेटमध्ये (ताजे द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणारे काचेचे उपकरण) ॲसिटोनने किमान २४ तास, मग धूर खेचणाऱ्या कपाटात पूर्ण वाळवणे. काम चालू असताना खिडकी किंवा पंखा हवा, कारण ऋण बाजूला हायड्रोजन निघतो आणि अमोनियाचा वासही येतो. पॉवर सप्लाय टाकीपासून दूर आणि झाकलेला ठेवा. हवेत उडालेला कार्बनचा एक तंतू सर्किटवर पडला तर तो तार बनतो. आमच्या शेडमधला एक महागडा तापमान-नियंत्रक असाच गेला.

प्रक्रियेनंतर कापड डिस्टिल्ड पाण्यात, धुवणाची विद्युतवाहकता ताज्या पाण्याइतकी होईपर्यंत, धुवा आणि १०५ अंशांना वाळवा. अमोनियमचे क्षार वापरण्यामागे हेही एक कारण आहे, की थोडे राहिलेच तर बायकार्बोनेट वाळवताना विघटून उडून जाते. सोडियमचे तसे होत नाही. मग त्याच दिवशी साइझिंग चढवा. त्यासाठी हार्डनरशिवाय एलवाय ५५६ चे ॲसिटोनमधले एक टक्क्याचे द्रावण पुरते. कापड बुडवून निथळल्यावर त्याने स्वतःच्या वजनाइतके द्रावण धरले तर वाळल्यावर एक टक्का साइझिंग राहते. आधीचे आणि नंतरचे वजन चार दशांश स्थळांच्या काट्यावर घेऊन ते तपासा. ॲसिटोन हवेशीर कपाटात पूर्ण उडाल्याशिवाय कापड विजेच्या ओव्हनमध्ये नेऊ नका.

प्लाझ्माबद्दल तुम्ही विचारले आहे. ऑक्सिजन किंवा हवेचा प्लाझ्मा काही मिनिटांत पृष्ठभागाची ऊर्जा चांगली वाढवतो आणि त्यात सांडपाणी नसते. पण त्याची धाव बाहेरच्या तंतूंपर्यंत. टोच्या पोटातले तंतू सावलीत राहतात. शिवाय त्याचा परिणाम साठवणीत उतरत जातो, म्हणून प्लाझ्मा सकाळी आणि लेअर दुपारी अशी तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जावे. सिलेन मुख्यतः काचतंतूचे औषध आहे. काचेच्या अंगावर सिलिकॉनशी जोडलेले हायड्रॉक्सिल ठासून असतात आणि सिलेन त्यांच्याशी बांधले जाते; कार्बनवर असे हायड्रॉक्सिल विरळ, त्यामुळे सिलेन स्वतःशीच जुळून एक सैल पापुद्रा होतो. परमँगनेट तंतूवर मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका सोडतो. तो प्रयोग करू नका. तंतूवर कार्बन नॅनोट्यूब वाढवणे, ग्राफीन ऑक्साइड चढवणे, पॉलिडोपामाइनचा लेप या गोष्टी शोधनिबंधांत सुंदर दिसतात आणि काही बाबतींत त्यांचे आकडेही खरे असतात. पण नॅनोट्यूब वाढवायला लोखंडासारखे उत्प्रेरक आणि सातशे-आठशे अंश लागतात, त्यात तंतूच जखमी होऊ शकतो. नावेच्या प्लेटेला याची गरज नाही.

व्हिनाइल एस्टरचा प्रश्न मात्र खरा पृष्ठभागाचा प्रश्न आहे. इपॉक्सी पिकताना तिचे गट साइझिंगमधल्या आणि तंतूवरच्या गटांशी प्रतिक्रिया करू शकतात. व्हिनाइल एस्टर मुक्त मूलकांच्या साखळीने पिकते, तिला इपॉक्सी साइझिंगशी रासायनिक देणेघेणे जवळजवळ नसते, आणि पिकताना ती इपॉक्सीपेक्षा बरीच जास्त आकसते. आकसताना ती तंतूपासून सुटू पाहते. खाऱ्या पाण्यासाठी व्हिनाइल एस्टर चांगली म्हणून बोटवाले ती वापरतात ते मुख्यतः काचतंतूवर, आणि तोच अनुभव कार्बनला लावला की प्लेटा सुटतात. म्हणून कापड घेतानाच साइझिंग विचारा. टोराय या जपानी कंपनीच्या टी ७०० तंतूच्या रिळावर ५०सी, ६०ई, एफ०ई असे जे अक्षर-आकडे असतात, त्यातले पहिले अक्षर किंवा आकडा साइझिंगची जात सांगतो. एफ जातीचे साइझिंग व्हिनाइल एस्टरसाठीही दिले जाते. कापड विणणाऱ्याकडून आलेले असेल तर मूळ रिळाची माहिती त्याच्याकडे असते, दुकानदाराकडे बहुधा नसते. प्रयोग म्हणून एक वाट अशी आहे, की तंतूवर हार्डनर थोडा कमी घातलेल्या इपॉक्सीचा पातळ थर अर्धवट पिकवून ठेवायचा, म्हणजे व्हिनाइल एस्टरमधले स्टायरीन आणि एस्टरचे रेणू त्यात शिरतात आणि दोन जाळी एकमेकांत गुंतून पिकतात. तुमच्या वेळापत्रकात ते बसेल असे मला वाटत नाही. नाव इपॉक्सीचीच करा.

एक किस्सा सांगतो, कारण तो थेट तुमच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. अनेक वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका शेडमध्ये आमच्या प्लेटा जागोजागी सुटत होत्या. संपूर्ण नव्हे, तळहाताएवढे डाग, कधी कडेला, कधी मधे. आम्ही तीन आठवडे तंतूचा पुरवठादार, साइझिंग, रेझिनचा लॉट यांवर वाद घालत होतो आणि मी तर नवे साइझिंगही तयार करून पाहिले. शेवटी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच तिथे बसलो असताना शेजारच्या टेबलावरच्या मुलाने साच्यावर सिलिकॉनचा मोल्ड रिलीज (प्लेट साच्याला चिकटू नये म्हणून मारायचा) स्प्रे मारला आणि पंखा त्याचा तुषार सरळ आमच्या उघड्या कापडावर घेऊन आला. त्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर काही ठिकाणी तो लगेच पसरे आणि काही ठिकाणी अळवाच्या पानावरच्यासारखा गोल उभा राही. सिलिकॉन स्प्रे बाहेर गेला, प्लेटा सुधारल्या. तेव्हापासून लेअर बसवण्याआधी कापडाच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून छोटे तुकडे कापून त्यांवर थेंब टाकून पाहण्याची सवय मला लागली. त्याला ना एक्सपीएस लागते ना निधी.

मुंबईत काम करताना हवेचेही पाहा. जून ते सप्टेंबर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही सामान्य गोष्ट आहे, आणि अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. म्हणजे २३ अंशांच्या वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेले कापड किंवा रेझिनचा डबा उघडताच त्यावर डोळ्यांना न दिसणारे पाणी बसते. ऑक्सिजनचे गट बसवलेला तंतू आधीच पाणी ओढणारा, त्यामुळे तुम्ही पृष्ठभाग जितका ‘सुधारला’ तितका तो ओलावा धरतो. कापड ८० अंशांना दोन-तीन तास वाळवून बंद पिशवीत ठेवा, पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. एचवाय ९५१ सारखा अमाइन हार्डनर दमट हवेत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ओढून प्लेटेवर मेणचट पांढरी साय आणतो. त्यावर दुसऱ्या दिवशी पुढचा लेअर चढवला तर तो सायीला चिकटतो, प्लेटेला नाही. मधे थांबावे लागले तर पील प्लाय लावून थांबा.

आणखी एक गोष्ट तुमच्या अहवालासाठी. पकड जितकी जास्त तितके चांगले, हे गृहीत तुम्ही प्रस्तावनेत धरले आहे. ते खोडा. पकड फार घट्ट झाली तर एका तंतूची तूट शेजारच्या तंतूला सरळ कापत जाते आणि प्लेट काचेसारखी एका रेषेत तुटते. पकड थोडी सैल असेल तर चीर तंतूच्या कडेने वळते, ऊर्जा खाते आणि आघात सोसते. नावेच्या तळाला दगड लागणार आहे, म्हणून शॉर्ट बीमबरोबर आघाताची चाचणीही ठेवा आणि दोन्ही आकडे मिळून निर्णय घ्या.

प्लेटा चारच करा. जसेच्या तसे कापड, तुमच्या जुन्या पद्धतीने. जसेच्या तसे कापड, गरम रेझिन, व्हॅक्यूम बॅग आणि पोस्ट-क्युअर. त्याच पद्धतीने साइझिंग काढलेले कापड. आणि त्याच पद्धतीने साइझिंग काढून, टाकीत विद्युत-ऑक्सिडीकरण करून पुन्हा साइझिंग चढवलेले कापड. चारही प्लेटांची जाडी आणि लेअर सारखे. माझा अंदाज असा, की पहिली आणि दुसरी यांच्यातला फरक सगळ्यांत मोठा निघेल, आणि चौथी दुसरीच्या आसपास पोहोचली तरी तुमचा प्रयोग यशस्वी झाला असे समजा, कारण कारखान्याने केलेले काम तुम्ही टेबलावर पुन्हा करून दाखवलेले असेल.

उरलेले नायट्रिक आम्ल बेसिनमध्ये ओतू नका. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सरांना सांगून, भरपूर थंड पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडून, मग सोड्याने सावकाश उदासीन करून घ्या. आणि त्या भांड्याजवळ ॲसिटोनची बाटली असता कामा नये.